वाद्य गातं म्हणजे नेमकं काय होतं, आणि थांबण्याला संगीत का म्हणायचं

एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: व्हायोलिन शिकायला लागून काही वर्षं झाली, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं) येते, गमक (सूर जोराने झुलवणं) येते, गायकांची रेकॉर्डिंग ऐकून तसंच्या तसं काढायचा प्रयत्न असतो, तरी सर सारखे म्हणतात "तू वाजवतोयस, गात नाहीयेस". आणि प्रश्नाचा दुसरा भाग म्हणजे "शांतता हेही संगीतच" असं जे म्हणतात त्याला खरंच काही अर्थ आहे का ते नुसतं ऐकायला बरं वाटतं.

मी व्हायोलिन वाजवते, शिकवते, आणि ख्याल गाणाऱ्यांना साथ करण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे जे सांगते ते वादकाच्या बाजूने. माझ्या लेखी हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. गाणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो. म्हणजे दर आठ-दहा सेकंदांनी, दमसास दांडगा असेल तर अजून थोड्या वेळाने, त्याला आवाज बंद करावाच लागतो, दुसरा इलाजच नाही. आणि आपल्या गाण्याची सगळी बांधणी, मुखडा (गाण्याची परत परत येणारी पहिली ओळ) कुठे संपतो, आलापातली (रागाच्या संथ विस्तारातली) एक जागा केवढी असते, तान (जलद सुरांची माळ) कुठे सोडायची, हे त्या सक्तीच्या थांबण्याभोवतीच बसत गेलंय. व्हायोलिनला ही सक्ती नाही. बो (तारेवर फिरवायची कांडी, सारंगीवर तिलाच गज म्हणतात) वर गेला की खाली येतो, खाली आला की वर, हात जरा तयार झाला की बो बदललेला कळतसुद्धा नाही, आणि मग मुलं पंधरा-पंधरा मिनिटं एकही फट न ठेवता वाजवत राहतात. सूर लागलेले असतात, मींड गुळगुळीत असते, राग शुद्ध असतो, आणि तरी ऐकणाऱ्याला थोड्या वेळाने गुदमरल्यासारखं व्हायला लागतं आणि का ते त्याला सांगता येत नाही. तुझे सर बहुतेक हेच सांगतायत. गळ्यातून तू मींड उचललीस, श्वास उचलायचा राहिला.

गळ्याच्या सगळ्यात जवळचं वाद्य म्हणून आपल्याकडे सारंगीचं नाव घेतात आणि ते योग्यच आहे. सारंगीवर तार पट्टीवर दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी जी कातडी असते ती तारेला बाजूने टेकवून हात सरकवायचा, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधे कुठे सांधाच लागत नाही. एवढं सगळे सांगतात. पण सारंगीला तातीच्या तीन मुख्य तारांखाली पस्तिसाच्या वर तरफा (आपोआप घुमणाऱ्या बारीक तारा) असतात त्यांचं काम लोकांच्या लक्षात येत नाही. गज उचलला तरी त्या तरफा थोडा वेळ बोलत राहतात, म्हणजे सारंगी थांबते तेव्हा तिचं थांबणं कोरडं नसतं, वाजवलेल्या सुराची ऊब मागे राहते. आपल्या व्हायोलिनला तरफा नाहीत. बो थांबला की सूर जवळजवळ लगेच संपतो, खोली बंदिस्त असेल तर फारच उघडं वाटतं, आणि मला वाटतं व्हायोलिनवाल्यांना थांबायची भीती वाटते ती त्यामुळेच. राम नारायण १९४९ मधे मुंबईला आले आणि पुढे सारंगीला साथीतून बाहेर काढून त्यांनी तिच्या स्वतंत्र मैफली केल्या. त्यांचा कुठलाही आलाप घे आणि मींड ऐकू नकोस, गज कुठे सुटतो तेवढंच ऐक. तिथे तुला कळेल की एकट्याने वाजवतानासुद्धा त्यांच्या कानात गाणारा माणूस बसलेला होता.

सतारीची अडचण बरोबर उलटी. तिथे सूर टिकतच नाही, आघात झाला की तो मरायला लागतो. त्यामुळे सतारीला शांतता फुकट मिळते पण गाण्यातला लांब धरलेला सूर मिळत नाही. विलायत खाँनी (१९२८-२००४) यावर आयुष्यभर काम केलं. वडील इनायत खाँ लहानपणीच गेले, पुढचं बरंच शिक्षण आईकडच्या घरातून आलं आणि आजोळ गाणाऱ्यांचं होतं, आजोबा बंदे हसन खाँ गायक. त्यांनी सतारीच्या खर्जाच्या (सगळ्यात खालच्या सुरांच्या) तारा काढल्या, तारांची जुळणी बदलली, तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) मजबूत करून घेतली, कारण एका आघातात चार-पाच सुरांपर्यंत तार ओढायची तर वाद्याने तो ताण सोसायला हवा. मैफलीत ते बंदिश (रागातलं बांधलेलं गाणं) आधी गाऊन दाखवायचे आणि मग वाजवायचे. आता यात ऐकण्यासारखी गोष्ट अशी की मींडेच्या शेवटच्या सुरापर्यंत येता येता आवाज अगदी बारीक झालेला असतो, आणि पुढचा आघात ते लगेच करत नाहीत. तो सूर तुझ्या कानात पूर्ण होतो, वाद्यावर तो जवळजवळ संपलेला असतो. गाणारा श्वास घ्यायच्या आधी आवाज हलका करत नेतो ना, अगदी तेच.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट, जी शिकवताना फार कमी जण बोलतात. शांतता फक्त दोन ओळींच्या मधे नसते, ती शब्दाच्या आत पण असते. यमनची "एरी आली पिया बिन" ही त्रितालातली बंदिश तुला येतच असेल, जवळपास सगळ्यांना शिकवतात. ती म्हणून बघ, हळू, आणि तोंडाकडे लक्ष दे. "एरी आली" मधे आवाज कुठेच तुटत नाही, र आणि ल म्हणताना जीभ हलते पण सूर चालू राहतो. "पिया" म्हणायला गेलास की प साठी ओठ मिटतात आणि तेवढा वेळ आवाज खरोखर बंद होतो. सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी, पण बंद होतो. पुढे "सखी कल ना परत" मधे ख आला, क आला, प आला, त आला, प्रत्येक ठिकाणी छोटी फट. "बिन" मधे ओठ मिटतात पण घशातला घुमार थोडा चालू असतो त्यामुळे ती फट अर्धवट, मऊ. आणि "ना" मधे फटच नाही, सूर नाकातून चालू. म्हणजे एका ओळीत चार-पाच प्रकारची थांबणी झाली, आणि गाणाऱ्याला ती शब्दांमुळे आपोआप मिळतात, त्याला काही करावं लागत नाही.

तू हीच ओळ वाजवताना काय करतोस? बहुतेक सगळी एका बो मधे नाहीतर दर सुराला बो बदलून. दोन्हीत शब्द गेला. "एरी आली" एका सलग बो मधे घे, "पि" च्या आधी बो तारेवरच क्षणभर थांबव, उचलू नकोस, आणि मग सोड. "बिन" ला थांबवायचं नाही, फक्त दाब कमी करून परत द्यायचा. "कल" चा क जरा टोकदार हवा, तिथे बो बदलला तरी चालेल. हे सगळं मी लिहिताना फार हिशोबी वाटतंय पण हाताला दोन-तीन आठवड्यात सवय होते आणि मग गंमत अशी होते की ज्यांना बंदिश माहिती आहे त्यांना शब्द ऐकू यायला लागतात. एन. राजम यांचं वादन ऐकणारे हेच सांगतात की व्हायोलिनमधून शब्द येतात. त्या ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या, म्हणजे गायकाकडे. आणि आपल्याकडे गजाननराव जोशी (१९११-१९८७) तर गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते, अंतूबुवांचे चिरंजीव. मी माझ्या विद्यार्थ्यांना म्हणूनच स्पष्ट सांगते, जी बंदिश गाता येत नाही ती वाजवायची नाही. गळा चांगला नसला तरी चालेल, बेसूर होऊ नये एवढंच.

पेटीबद्दल थोडं, कारण पेटीवाले हे वाचून म्हणतील आम्ही काय करायचं. पेटीत मींड नाही, सूर ठरलेले, याच कारणावरून ऑल इंडिया रेडिओने १९४० मधे पेटीवर बंदी आणली आणि ती तीसेक वर्षं टिकली. आणि तरीही गोविंदराव टेंबे, पुढे आप्पा जळगावकर, वालावलकर, बोरकर यांच्या पेटीला लोक "गाते" म्हणत आलेत. मींडेशिवाय कशी गाईल? भात्यावर. भाता म्हणजे पेटीचा श्वासच, सूर हळू फुगवणं, ओसरत नेणं, पट्टी सोडायच्या आधी हवा कमी करणं, दोन सुरांच्या मधे केसाएवढी फट ठेवणं की न ठेवणं, हे सगळं तिथे. मला स्वतःला हा पुरावाच वाटतो की गळ्याची ओळख मींडेपेक्षा श्वासात जास्त आहे.

बरं, आता शांततेकडे. लोक शांतता म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात आवाजच नसणं असतं. आपल्या मैफलीत तशी शांतता नसतेच. गायक थांबला तरी तानपुरे चालू असतात आणि विलंबित (संथ लयीतला ख्याल) सुरू झाला असेल तर तबल्याचा ठेका पण चालू असतो. त्यामुळे आपल्याकडे थांबणं म्हणजे तानपुऱ्याला पुढे येऊ देणं. तू थांबलास की षड्ज (सा) ऐकू यायला लागतो, जो मघापासून चालूच होता पण तुझ्या आवाजाखाली दबला होता. मग तू ज्या सुरावर थांबलास तो सूर आणि तानपुऱ्याचा षड्ज यांच्यात काहीतरी होतं, आणि जे होतं ते प्रत्येक रागात वेगळं असतं. यमनमधे गंधारावर (ग) थांब, सगळं निवांत बसतं. निषादावर (नी) थांब, ती शांतता लटकते, ऐकणारा वाट बघायला लागतो की आता हा वर जाणार का. म्हणजे शांततेला पण राग असतो, हे मी कवितेसारखं बोलत नाहीये, करून बघ.

याचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण मारवा राग. मारव्यात पंचम (प) नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार, जी एरवी पंचमाला असते, ती निषादाला किंवा धैवताला (ध) लावतात. आणि गायक काय करतो, षड्ज टाळतो. कोमल रिषभ (रे) आणि धैवत यांच्यावरच फिरत राहतो, षड्जाजवळ येतो आणि न लावता परत फिरतो. आता तो रिषभावर थांबला आणि गप्प झाला तर मागे काय वाजतंय? तोच षड्ज, जो तो मघापासून देत नाहीये. गायक गप्प आणि तानपुरा त्याने टाळलेला सूर सतत म्हणतोय. मारव्यात जी हुरहुर वाटते, ती माझ्या मते गायलेल्या सुरांइतकीच या थांबण्यांमधे आहे. अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी या रागांची एलपी (जास्त वेळ वाजणारी तबकडी) आहे त्यातला मारवा ऐक. झुमरा ताल, चौदा मात्रा, इतका विलंबित की आवर्तन (तालाचा एक फेरा) मिनिटाच्या आसपास जातं, आणि त्या मिनिटात ते किती वेळ गात नाहीत हे घड्याळ लावून बघ. ते वडील सारंगिये असलेल्या घरातले हेही लक्षात असू दे.

आणि हो, हे रेकॉर्डवर येऊ शकलं ते एलपीमुळे. त्याआधीची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची, त्यात थांबायला जागाच नव्हती, गायक मुखडा, दोन आलाप, ताना असं सगळं कोंबायचे. म्हणून जुन्या तबकड्या ऐकून कोणी म्हणालं की पूर्वीचे लोक दमच घेत नव्हते तर ते खरं मानू नकोस, मैफलीतलं गाणं वेगळं असणार. हल्ली मोबाईलवर जी तीस सेकंदांची तुकडेबाजी चालते त्यात पुन्हा तेच झालंय, थांबलेली जागा पहिली कापतात. तेवढंच ऐकून शिकणाऱ्या मुलांच्या हातात फट येणार कुठून, याची मला खरंच काळजी वाटते.

कुमार गंधर्वांचा विषय इथे टाळून चालणार नाही. १९४८ च्या सुमाराला क्षयाने आजारी पडले, देवासला काही वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस जवळजवळ निकामी. नंतर जे गायले त्यात छोट्या छोट्या फेकी, मधे तोडणं, एकदम वरचा सूर हलका लावून गप्प होणं हे सगळं आलं. लोक पटकन म्हणतात की दम पुरत नव्हता म्हणून तसं गायले. हे मला पटत नाही. दम पुरत नसेल तर माणूस कुठेही तुटतो. कुमारजी कुठेही तुटत नाहीत. जिथे थांबतात तिथे मागचा तुकडा अर्थाने पूर्ण झालेला असतो आणि पुढचा सूर कुठून येणार याची उत्सुकता ताणलेली असते, आणि तो कधी कधी भलतीकडूनच येतो. शरीराने घातलेली मर्यादा त्यांनी रचनेत घेतली. वादकाने त्यांच्याकडून शिकायचं ते हे, कारण आपल्यावर ती मर्यादा शरीर घालत नाही, आपली आपणच घालून घ्यायची असते.

वाद्य गळ्याची नक्कल करतं तशी उलटी, गळ्याने वाद्याची, नक्कल पण होते हे सांगायलाच हवं. अब्दुल करीम खाँसाहेब, जे मिरजेला स्थायिक झाले, ते गायक तर होतेच पण बीन (रुद्रवीणा) पण वाजवायचे, किराणा घराण्यातल्या त्या कुटुंबात सारंगी पिढीजात होती. त्यांच्या १९३० च्या दशकातल्या रेकॉर्ड ऐकल्या तर गळा तानपुऱ्यात मिसळायला बघतोय असं वाटतं, शब्द मागे पडतात, सूर तारेसारखा सरळ. तराण्यातले (अर्थ नसलेल्या बोलांच्या बंदिशीतले) "दिर दिर" वगैरे बोल सतारीच्या बोलांच्या जवळचे. ध्रुपदातली नोमतोम (अर्थ नसलेल्या अक्षरांवरचा आलाप) आणि बीनेचा आलाप हे तर एकमेकांकडे बघतच वाढलेत. झिया मोहिउद्दीन डागर, पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल होतं, त्यांनी रुद्रवीणा मोठी आणि जड करून घेतली, सूर जास्त टिकावा म्हणून, आणि त्यांच्या आलापात एका आघातानंतर सूर पूर्ण विरेपर्यंत ते बसून राहतात. घाई असेल तेव्हा हे ऐकू नकोस.

तू पाश्चात्त्य संगीतातल्या जॉन केजचा उल्लेख केलायस, १९५२ मधे पियानिस्ट येऊन बसतो आणि साडेचार मिनिटं काहीच वाजवत नाही ती रचना. ती मला महत्त्वाची वाटते पण तिचा रोख वेगळा आहे, तिथे वादक बाजूला होतो आणि सभागृहातले, बाहेरचे आवाज ऐकायचे असतात. आपल्याकडे थांबल्यावर लक्ष बाहेर जायला नको, उलट अजून आत सुरात जायला हवं. एक खरा धागा मात्र आहे, केजला १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमधे अहमदाबादच्या गीता साराभाईंनी भारतीय संगीताची ओळख करून दिली होती, आणि मन शांत करणं हे संगीताचं काम आहे हा विचार त्याने त्यांच्याकडून घेतला असं तो स्वतः सांगायचा.

आता रियाज कसा करायचा. आधी बंदिश आणि चार आलाप गाऊन फोनवर रेकॉर्ड कर. ऐकताना कागदावर जिथे जिथे श्वास घेतलास तिथे रेघ मार. मग वाजवताना प्रत्येक रेघेवर बो थांबलाच पाहिजे आणि त्या वेळी तू नाकाने खरा श्वास घ्यायचास, वाजवताना हळूहळू सोडायचास. सुरुवातीला चक्रावायला होतं कारण व्हायोलिनवाले नकळत श्वास धरून ठेवतात, विशेषतः तानेत. थांबताना बघ की तू कसा थांबतोस. बो तारेवर दाबून थांबवला तर सूर कापल्यासारखा होतो, दाब काढत काढत उचलला तर गाण्यातला 'आ'कार सोडल्यासारखा होतो, दोन्ही लागतात पण कुठे कुठला ते शब्द ठरवेल, शब्द नसेल तर राग ठरवेल. आणि श्वासानंतरचा पहिला सूर थेट लावू नकोस. गाणारे बहुतेक खालच्या सुराचा कण घेऊन येतात, षड्जाला निषादाचा, गंधाराला रिषभाचा, तो कण हवा, नाहीतर बटण दाबल्यासारखा सूर येतो.

आलापात मी अजून एक गोष्ट करायला लावते. न्यासाच्या (विसाव्याच्या) सुरावर थांबल्यावर तानपुऱ्याच्या चारही तारांचा एक फेरा पूर्ण ऐकायचा, मगच पुढचा सूर. पहिल्या आठवड्यात हा वेळ असह्य लांब वाटतो, हात शिवशिवतात. त्या वेळात पुढचं काय वाजवायचं ते ठरवत बसायचं नाही, मागचा सूर मनात धरून ठेवायचा, तो मनात खाली सरकला तर पुढचा सूर हमखास बेसूर लागतो. मैफलीत नेहमी पूर्ण फेरा थांबायचं असं नाही, हा फक्त हाताची घाई काढायचा उपाय आहे. ताल सुरू झाला की थांबणं अजून अवघड, कारण मात्रा पुढे पळत असतात. तिथे मुखडा समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) किंचित आधी संपवून सम एकट्या तबल्याला देऊन बघ. तबलजी समंजस असेल तर तो काय आनंदाने ती सम देतो बघ. तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) पण दम असलेली, म्हणजे मधे रिकामी मात्रा असलेली, आणि बेदम, म्हणजे ती नसलेली, अशा दोन्ही बांधून वाजव, त्याच बोलांची, म्हणजे मधल्या रिकाम्या मात्रेने काय फरक पडतो ते थेट कळेल.

साथ करायला लागशील तेव्हा हाच मुद्दा अजून तीव्र होतो. गायक थांबला की साथीदाराने भरायचं अशी पद्धत आहे, पण प्रत्येक वेळी भरायचं असं कुठेही म्हटलेलं नाही. गायक दम घ्यायला थांबलाय का मुद्दाम थांबलाय हे ओळखता आलं पाहिजे. दम घेतोय तर त्याच्या शेवटच्या तुकड्याची सावली धर, तेवढीच, नवीन काही नको. मुद्दाम थांबलाय, मान किंचित खाली, हात तसाच हवेत धरलेला, तर बो तारेवरून उचल आणि काही करू नकोस. चांगल्या गायकांनी साथीदाराची तारीफ केली की ती बहुधा अशा न वाजवलेल्या जागांची असते, हे मी जवळून पाहिलंय.

शेवटचा छोटा प्रश्न होता, इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा अ‍ॅप चालेल का. रियाजाला चालेल, पण आवाज नीट ठेव. बहुतेक जण तो इतका बारीक ठेवतात की व्हायोलिनपुढे ऐकूच येत नाही, मग थांबल्यावर पोकळी वाटते आणि हात परत सुरू होतो. तू वाजवत असताना तो जेमतेम आणि थांबल्यावर स्पष्ट ऐकू येईल एवढा हवा, आणि फोनच्या स्पीकरवर नको, छोटा का होईना बाहेरचा स्पीकर घे, कारण फोनमधे खर्जाची तार जवळजवळ येतच नाही. आणि महिन्यातून एकदा तरी कोणाच्या तरी घरी जाऊन खऱ्या तानपुऱ्याला बसून वाजव.